सदतीस लक्ष्मण किनाके

आमच्या घरी चांगल्या कपबशा तीन होत्या. पांढऱ्या, काठाला निळी रेघ, आणि एका बशीची कड उडालेली. ती बशी माय नेहमी घरातल्याच माणसाला द्यायची. पाहुणे नऊ आले तर चहाच्या तीन पंगती व्हायच्या. पहिल्या तिघांनी कप खाली ठेवला न ठेवला की माय तो उचलायची, बादलीत बुडवून विसळायची, पदरानं पुसायची आणि पुढच्याला भरून द्यायची. हे इतकं झटपट चालायचं की नव्या पाहुण्याला वाटावं, या बाईकडे कपांचं कपाट भरलेलं आहे. आमच्याकडे नेहमी येणारे लोक चहा गरम असतानाच संपवायचे, कारण मागे माणूस ताटकळत बसलाय हे त्यांना ठाऊक असायचं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझी जी फजिती झाली तिचं मूळ त्या बादलीत आहे.

घर यवतमाळच्या कडेला, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागून होतं. दिवाळी झाली की भिंतीपलीकडे मशिनी सुरू व्हायच्या आणि आमच्या मांडणीवरच्या डब्यांची झाकणं थरथरायला लागायची. आम्हाला तो आवाज ऐकूच यायचा नाही. बंद पडला की मात्र सगळे दचकून एकमेकांकडे बघायचे. रुईचे तंतू हवेत तरंगत थेट चुलीपर्यंत यायचे. आंबाडीच्या भाजीत तंतू निघाला की बाबा तो चिमटीत धरून दाखवायचे, "पाह्य, माहाच माल माह्या ताटात आला!" आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडायचे. बाबा, म्हणजे नामदेव फिटर, तिथं मशिनी दुरुस्त करायचे. मायही हंगामात तिथंच इतर बायांसोबत कापसातला कचरा वेचायला जायची. संध्याकाळी दोघं घरी यायची तेव्हा दोघांच्याही भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या, आणि मी लहान असताना मला वाटायचं, कामाला गेलं की माणूस म्हातारं होतं आणि आंघोळ केली की परत तरुण होतं.

बाबांना ऐकू कमी यायचं, सगळं आयुष्य त्या घरघरीत गेलेलं. पण मशीन बिघडली की ते पेचकसाचं टोक लोखंडाला टेकवायचे, दांडा कानाच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मग म्हणायचे, "आवाज इकून येऊन राह्यला, पन दुखनं तिकडं हाये." आणि खरंच, दुखणं तिकडं असायचं. माणसाचं बोलणं ज्यांना दोनदा सांगावं लागायचं, त्यांना बेअरिंगची कुरकुर एका झटक्यात कळायची, याचं मला फार कुतूहल वाटायचं. मी त्यांना कितीदा विचारलं, कसं कळतं म्हणून. ते म्हणायचे, "कळत नाही वं. एकेक गोष्ट सोडत जातो. जे सोडता येत नाही, थेच असते."

ती कापसाची वाईट वर्षं होती. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव रोज यायचं, आणि ज्या कारणासाठी यायचं त्यावर लिहिणारे पुष्कळ झाले, मी इथे लिहीत नाही. आमच्या भिंतीपलीकडे त्याचा अर्थ एवढाच होता की मशिनी आधीसारख्या रोज चालत नव्हत्या, आणि दोन फिटरांपैकी एकालाच हंगामभर ठेवणार अशी कुजबुज होती. दुसरे फिटर रहीमभाई, बाबांचे जुने दोस्त. दोघं एकाच डब्यातून जेवायचे आणि या विषयावर एक शब्द बोलायचे नाहीत.

अशा वेळी मी बस स्टँडजवळच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकत होते. कॉलेज सकाळी, हे दुपारी. आम्ही नऊ जण आणि कॉम्प्युटर चार, त्यातला एक कायम आजारी. शिकवायला पुसदचे वानखडे सर, सडपातळ, खिशात दोन पेन, त्यातलं एकही चालत नसे. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर क्लास असं लिहिलं आणि आम्हाला वाटलं ते शिकवणीबद्दल बोलताहेत. दोन दिवस आमचा हाच गोंधळ. क्लासमध्ये बसून क्लास लिहायचा म्हणजे काय? शेवटी सर वैतागून म्हणाले, "अरे, विटांचा साचा पाह्यला ना? साचा म्हंजे क्लास. वीट म्हंजे ऑब्जेक्ट. साच्यात कोनी राह्यते का? घर तं विटांचंच बांधा लागते ना?" एवढं झाल्यावर कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. साच्यातून नवी वीट पाडायची असेल तर न्यू असं लिहायचं, म्हणजे नवीन. इंग्रजीतला हा एक शब्द तरी मला आधीपासून येत होता.

प्रोग्राम लिहिण्यापेक्षा तो का चालत नाही हे शोधण्याचा नाद मला जास्त लागला, हे खरं. फाइलचं नाव लहान अक्षरात आणि क्लासचं मोठ्या अक्षरात लिहिलं म्हणून मशीन पूर्ण तासभर माझ्यावर रुसून बसलं होतं. माझ्या शेजारी बसणारी शोभा हिनं दोनदा यवतमाळ टाइप करून मशीनला विचारलं, ही दोन्ही सारखी आहेत का, तर मशीन म्हणालं, नाही! शोभा रडकुंडीला आली. सर हसत म्हणाले, "तू त्याले इचारलं का हे दोन कागद म्हंजे एकच कागद हाये का. तुले इचारायचं होतं का दोघाइवर लिहेलं सारखं हाये का." त्याला वेगळा शब्द वापरावा लागतो. आणखी एक चूक सगळ्यांची व्हायची: माहिती ठेवायच्या डबीला नाव द्यायचं, पण तिच्यात काही ठेवायचं विसरायचं, आणि मग त्या नावाला काम सांगायचं. मशीन मोठ्यानं बोंबलायचं. शोभा म्हणाली, "म्हंजे लग्नाची पत्रिका छापली, पन नवरदेवच ठरला नाही." सरांना ते इतकं आवडलं की पुढच्या बॅचला त्यांनी ते स्वतःचं म्हणून सांगितलं.

मी एक वही केली. डाव्या पानावर मशीन काय म्हणालं ते, उजव्या पानावर खरं काय होतं ते. लवकरच लक्षात आलं की मशीन चाळिसाव्या ओळीवर ओरडतं आणि खोट असते बाराव्या ओळीत, एखादा कंस बंद करायचा राहिलेला. हे मी जेवताना बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी घास तसाच हातात धरला. "म्हंजे त्याचंही आवाज इकून अन् दुखनं तिकडं?" मी म्हटलं, हाव. त्या दिवसापासून ते रोज विचारायला लागले, आज काय बिघडलं होतं. माय म्हणायची, "बापलेकी जेवा न बाप्पा, भाकरी थंडी होऊन राह्यली." पण तीही ऐकत असायची.

जिनिंगच्या आवारात तेव्हा एक वेगळंच दुखणं होतं. कापसाच्या बैलगाड्या आदल्या दिवसापासून रांगेत लागायच्या. दिवाणजी सकाळी येऊन चाकावर खडूनं नंबर टाकायचे. गाडी हलली, चाक फिरलं, बैलानं अंग घासलं, की नंबर पुसला. मग कोणी स्वतःच खडू आणून सतराचा सात करायचा. रोज वजनकाट्यावर भांडणं, रोज शिवीगाळ. ऑफिसात एक कॉम्प्युटर मात्र होता, कोणीतरी हौसेनं घेतलेला, फुलाफुलाच्या कापडाखाली झाकून ठेवलेला. एक दिवस मॅनेजरसाहेब भांडणाला कंटाळून डोकं धरून बसले होते आणि बाबा तिथं पंख्याचा पट्टा बसवत होते. आयुष्यात कधी कोणाकडे काही न मागणारा माझा बाप म्हणाला, "साहेब, माही पोट्टी करून देते. गाड्याइची यादी. कोनाले खोडता येनार नाही अशी."

साहेब म्हणाले, "नामदेव, तुझ्या शब्दावर करू देतो. पण गडबड झाली तर मी तुझ्याकडेच बघेन." घरी येऊन बाबांनी हे सांगितलं तेव्हा माय म्हणाली, "कायले बोलले तुमी? आधीच एकाले काढून राह्यले न तिथं." बाबांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मला मात्र ते चांगलं ऐकू गेलं. माझ्या प्रोग्रामवर बाबांची नोकरी टांगलेली आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगते, भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला होता. एकोणिसाव्या वर्षी अक्कल कमीच असते.

मी गाडीचा क्लास लिहिला: नाव, गाव, नंबर. एकामागून एक गाड्या विचारत राहील असं एक आवर्तन, म्हणजे लूप, लिहिलं आणि प्रत्येक गाडी यादीत टाकत जाईल अशी सोय केली. सरांनी शिकवलं होतं की न्यू लूपच्या आत लिहायचं. मी तसं लिहिलंही. मग पाहत बसले. चाळीस गाड्या आल्या तर चाळीस वेळा न्यू? प्रत्येक गाडीला नवाकोरा ऑब्जेक्ट? मला ते बघवेना. ही काय उधळपट्टी! एक ऑब्जेक्ट केला की पुरे आहे की. एक गाडी भरायची, यादीत टाकायची, मग त्याच ऑब्जेक्टमध्ये दुसरीचं नाव भरायचं, टाकायचं. मी ती न्यूची ओळ उचलून लूपच्या वर नेऊन ठेवली. मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी वहीत लिहून ठेवलं, सरांपेक्षा कमी खर्चात केलं. एक गाडी टाकून पाहिली: सुरेख चाललं. दुसरी टाकून पाहायची गरजच वाटली नाही. रविवारी सर सायकलवर सीड्या घेऊन आले, जिनिंगच्या कॉम्प्युटरवर सगळं भरून दिलं, कोरा चहा पिऊन गेले. त्यांनाही मी ती ओळ दाखवली नाही. सोमवारी दाखवून चकित करणार होते.

सोमवारी सकाळी सातला मी ऑफिसच्या खिडकीशी बसले. पहिली आली दारव्ह्याकडची सुमनबाई राठोड, हातात कासरा, दंडावर चांदीची वाकी, कालपासून गेटला लागलेली. "मी पयली हाव. लिव्ह," म्हणाली. मी लिहिलं. पडद्यावर उमटलं: एक, सुमन राठोड. तिला इंग्रजी अक्षरं येत नव्हती, पण तिनं पडद्याला बोट लावून पाहिलं. त्यानंतर जो येईल तो, "दाखव बरं, मी कुठी हाव?" असं म्हणून खिडकीतून डोकं आत घाली. प्रत्येकाचं नाव बरोबर उमटायचं. सगळ्यात शेवटी, सदतिसावा, लक्ष्मण किनाके नावाचा पांढऱ्या मिशांचा शांत माणूस आला. बैल दमले होते म्हणून त्याला उशीर झाला होता. "आता माहा नंबर कवा लागते का मालूम," एवढंच म्हणाला आणि गाडीच्या सावलीत जाऊन बसला.

अकराला काटा उघडला. मी यादी छापायची आज्ञा दिली. प्रिंटर चर्र चर्र करत कागद बाहेर ओढू लागला आणि तो नीट न बघताच मी दिवाणजींच्या हातात दिला. दिवाणजींनी भोंग्याचा माइक तोंडाला लावला, चष्मा वर सरकवला. "एक नंबर. लक्ष्मण किनाके." आवारात चुळबुळ झाली. "दोन नंबर. लक्ष्मण किनाके." कोणीतरी हसलं. "तीन नंबर. लक्ष्मण…" दिवाणजी थांबले, कागद खाली सरकवत शेवटपर्यंत पाहिला, आणि माइक सुरूच आहे हे विसरून म्हणाले, "अबे, हे काय भूत हाये?"

मग जे झालं ते आजही आठवलं की माझे कान तापतात. लोक खिडकीवर धावून आले. "हा किनाके कोन? मॅनेजरचा जावई हाये का?" "सदतीस नंबर एकाच मानसाले?" "फिटरच्या पोट्टीनं खाल्ले असतीन पैसे!" किनाके बिचारा दोन्ही हात जोडून गर्दीत उभा. "माही एकच गाडी हाये जी. देवाशप्पथ एकच हाये. म्या कोनाले काही नाही सांगतलं." सुमनबाई फक्त माझ्याकडे पाहत राहिली, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. कचरा वेचणाऱ्या बाया हातातलं काम टाकून भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यात माय होती.

मॅनेजरसाहेब बाहेर आले. थेट बाबांकडे वळले. "नामदेव, दोनचा भोंगा होईस्तोवर नीट झालं तर ठीक. नाहीतर पुन्हा खडू. आणि मग तुझं काय करायचं ते मी संध्याकाळी सांगतो." सगळ्यांना ऐकू गेलं. रहीमभाईंनाही. ते मान खाली घालून हातातला पाना पुसत राहिले.

मी पडद्यासमोर बसले आणि मला एक अक्षर दिसेना. डोळ्यांत पाणी. मी म्हणत होते, मशीन बिघडलं, प्रिंटर बिघडला, व्हायरस आला. बाबा मागे स्टूल ओढून बसले. त्यांना इंग्रजी सोडा, मराठीही अडखळत वाचता यायचं. ते नेहमीसारखे मोठ्यांदा म्हणाले, "मशीनले दोष देऊ नको. मशीनले कायची दुश्मनी हाये तुह्याशी? सदतीस नको टाकू. दोनच टाक." मी प्रोग्राम नव्यानं सुरू केला. सुमन राठोड टाकलं. "आता यादी दाखव." एकच ओळ: सुमन राठोड. "बराबर. आता दुसरी टाक." मी भगवान जाधव टाकलं. "आता दुसरी पाहू नको. पह्यली पाह्य." मी यादी उघडली. पहिली ओळ: भगवान जाधव. दुसरी ओळ: भगवान जाधव.

अंगावर काटा आला माझ्या. भीतीचा नव्हे, ते निराळंच काहीतरी होतं. रडणं तिथंच थांबलं. आत्ता माझ्या डोळ्यांदेखत होती सुमन राठोड, मी तिला हात लावला नव्हता, मी दुसऱ्याच कोणाचं नाव लिहिलं आणि ती बदलली! कशी? "पह्यली गेली कुठी?" बाबांनी विचारलं. तेच तर. ती गेली कुठे?

तेवढ्यात माय डबा घेऊन आत आली. डोक्यावर रुई, हातात चहाची किटली आणि एकच पेला. सरळ बाबांना चहा दिला. बाबांनी दोन घोट घेऊन पेला टेबलावर ठेवला आणि पुन्हा पडद्याकडे वळले. दारात किनाके उभा होता, सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. मायनं सवयीनं पेला उचलला, खिडकीतून बाहेर उलटवला, माठाच्या पाण्यानं विसळला, भरून किनाकेच्या हातात दिला. बाबांनी न बघता टेबलावर हात फिरवला. "माहा चहा कुठी गेला?"

"गिलास एकच हाये न," माय म्हणाली.

मी ताडकन उभी राहिले. माझं स्टूल पडलं. एकच आहे. एकच! मी सदतीस गाड्या यादीत टाकल्याच नव्हत्या. एकच गाडी सदतीस वेळा टाकली होती आणि दर वेळी विसळून दुसऱ्याचं नाव भरलं होतं. यादी म्हणजे काय, तर सदतीस बोटं, आणि सगळी एकाच पेल्याकडे दाखवणारी. पेल्यात शेवटी जे ओतलं तेच सगळ्यांना दिसणार. मी हे मायला सांगायला लागले, हातवारे करत, अर्धं रडत अर्धं हसत. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग हरेकाले नवीन कायले नाही घेतलं तूनं?"

"वाया जाईन म्हनून."

"काय वाया जाईन?"

खरंच, काय वाया जाणार होतं? मी इतके दिवस त्याचा विचारच केला नव्हता.

"त्याले पैसे पडते का?" मायनं विचारलं.

"नाही."

"मंग घे न बाई," ती म्हणाली. "घे न नवीन. सदतीसच्या सदतीस घे."

तिचा तो आवाज मी विसरलेली नाही. दिवाळीला माझ्या फ्रॉकची शिवण उसवून एक बोट लांब करून देणारी माझी माय, जिनं स्वतःला कधी नवं पातळ मागितलं नाही, ती मला सदतीस नव्या गोष्टी घे म्हणत होती. मी ती न्यूची ओळ वरून उचलली आणि लूपच्या आत, कंसाच्या पोटात ठेवून दिली. एक ओळ. बाकी काहीही बदललं नाही. सुमन राठोड टाकली, भगवान जाधव टाकला, आणि पहिली ओळ पाहिली. सुमन राठोड होती तिथंच होती.

पण सकाळची नावं तर पुसली गेली होती, ती काही केल्या परत येणार नव्हती. नंबर सगळ्यांना परत विचारायला गेलो तर सात जण म्हणाले आम्ही चौथे. पुन्हा आरडाओरडा. तेव्हा सुमनबाई पुढे आली. "नंबर नोका इचारू. नंबर कोनाच्या ध्यानात राह्यते? इचारा, तुह्या समोर कोनाची गाडी होती." आम्ही रांगेच्या शेवटाकडून, किनाकेपासून सुरू केलं. त्याच्या समोर कोण? तांबड्या बैलांचा माणूस. तांबड्या बैलांच्या समोर? ज्याची बायको सोबत आहे तो. आणि काय आश्चर्य, नंबरावरून डोकी फोडायला निघालेली माणसं शेजाऱ्याबद्दल एकदाही भांडली नाहीत. रात्री कोणाचे बैल कोणाच्या कुटाराला, म्हणजे चाऱ्याला, तोंड घालत होते हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. बाबा रांगेतून चालत मोठ्यांदा विचारत होते, रहीमभाई कागदावर लिहीत होते, शेवटचा पहिला असं. रहीमभाईंना कोणीही बोलावलं नव्हतं. यादी उलटी करून मी टाइप केली, आणि दर पाच गाड्यांनंतर पहिली ओळ उघडून पाहत होते, सुमनबाई आहे ना म्हणून.

भोंग्याला पाच-सात मिनिटं असताना कागद निघाला. या वेळी मी तो वरून खालपर्यंत वाचला, दोनदा. दिवाणजींनी घसा साफ केला. "एक नंबर. सुमन राठोड." ती कासरा झटकून उठली आणि माझ्या खिडकीवरून जाताना नुसती मान हलवली. मग एकेक वेगळं नाव, वेगळं गाव. "सदतीस नंबर," दिवाणजी थांबले, आणि मुद्दाम लांबवत म्हणाले, "लक्ष्मण किनाके."

"हाव जी!" तो गाडीच्या सावलीतून ओरडला. "सकाळपासून सदतीस होतो बाप्पा. आता कुठी एक झालो, माह्या जीवात जीव आला!" सगळं आवार हसलं. मॅनेजरसाहेबसुद्धा. त्यांनी कॉम्प्युटरवरचं ते फुलांचं कापड उचललं, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिलं. संध्याकाळी बाबांना त्यांनी बोलावलंच नाही. बाबा हंगामभर राहिले. रहीमभाई होळीनंतर गेले, आणि त्या दिवशी बाबांनी डबा तसाच परत आणला. मी जिंकले असं मला त्यामुळे कधी पूर्ण म्हणता आलं नाही.

आता मी नागपुरात हेच शिकवते. डोक्यावर रुई नसतानाही भुवया पांढऱ्या व्हायला लागल्या आहेत. माय माझ्याजवळ असते. कपाटात चोवीस कप आहेत आणि ती अजून तीनच काढते. ती जुनी वही माझ्या टेबलात आहे, आणि मुलांच्या चुका मला अजून त्यांच्या बरोबर उत्तरांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवतात. मागच्या महिन्यात राजूरकडून आलेली एक मुलगी पडद्यासमोर डोळे भरून बसली होती. तीस विद्यार्थ्यांची यादी, तीसही नावं एकच. मी मागे स्टूल ओढून बसले. न्यूची ओळ लूपच्या वर होती. मी आत लिहायला सांगितली असताना वर का नेलीस, म्हणून विचारलं, तर खाली बघत म्हणाली, "मॅडम, तीस-तीस कशाला उगाच? एकात होऊन जाईल असं वाटलं."

"घरी कपबशा किती आहेत गं तुझ्या?"

ती गोंधळली. "चार. काहून मॅडम?"

"काही नाही," मी म्हटलं. "नवीन घ्यायला पैसे पडतात का इथं?"

तिनं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "नाही."

"मंग घे न बाई," मी म्हटलं. "तीसच्या तीस घे."

तिनं डोळे पुसले आणि ती ओळ कंसाच्या आत घेतली.